मारत नाहीत, पण गाडीचं मीटर लिहून ठेवतात

नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी समाजसेवा अधीक्षक होते. पदाचं नाव भारदस्त, पण टेबल कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये, स्ट्रेचरच्या वाटेत. "मोरीत पाय घसरला" असं सांगणाऱ्या बायका मी तिथेच पाहिल्या. घसरून पडलेल्या माणसाचे तळहात, गुडघे, कोपर खरचटतात. यांचे दंड निळे असायचे, कानामागे सूज असायची, आणि पाठीवर एक वळ निळा तर दुसरा पिवळा पडत आलेला. मोरी एकाच बाईला इतक्या वेगवेगळ्या दिवशी पाडत नाही.

घरातल्या हिंसेबद्दल या सदराला आलेल्या या महिन्याच्या पत्रांतली पाच घेतली आहेत. नावं, शाळा, कॉलन्या काढून टाकल्या. पत्रं छाटली, पण शब्द लिहिणाऱ्यांचेच ठेवले.

प्रश्न : ताई, मी खासगी शाळेत शिकवते. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन मुलं आहेत. मिस्टर मारत नाहीत. एकदाच हात उगारला होता, तोही लगेच खाली घेतला. पण पगार झाला की एटीएम त्यांच्याकडे असतं. रोज सकाळी माझ्या अ‍ॅक्टिव्हाच्या मीटरचा फोटो काढतात आणि संध्याकाळी पुन्हा बघतात. शाळा जाऊन-येऊन बारा किलोमीटर आहे. चौदा झाले की कुठे गेली होती ते सांगावं लागतं. माझे दागिने सासूबाईंच्या कपाटात आहेत. आई म्हणते, दारू पीत नाही, मारत नाही, अजून काय पाहिजे? ही हिंसा आहे की मीच जास्त विचार करून राहिले? *(मानेवाडा)*

उत्तर : तुम्ही जास्त विचार करत नाही आहात. उलट, मीटरचा आकडा बरोबर यावा म्हणून गेल्या वर्षभरात तुम्ही कुठे कुठे गेला नाहीत, तेवढं एकदा मनात मोजा. मैत्रिणीकडे, दवाखान्यात, आईकडे, बर्डीवर ब्लाऊजपीस आणायला. हात उगारायची गरज त्यांना एकदाच पडली, कारण त्यानंतरचं काम मीटर करतं.

नवरा-बायकोचं भांडण कुठल्या घरात होत नाही? माझ्या घरात झालंय आणि आवाज शेजारी गेलेत. मी फरक एकाच गोष्टीवरून ओळखते. भांडणात दोघांनाही "नाही" म्हणता येतं, आणि म्हटल्यावर फार तर अबोला होतो. जिथे एकाच्या "नाही"ची दुसऱ्याला भीती वाटते, तिथे भांडण नसतं. तिथे सगळं घर एका माणसाच्या मूडप्रमाणे उठतं-बसतं.

कायदाही हे मानतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५चा, तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यात शारीरिक आणि लैंगिक हिंसेबरोबर शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक हिंसाही स्पष्ट लिहिलेली आहे. तुमचा पगार, तुमचं स्त्रीधन तुमच्यापासून तोडणं ही आर्थिक हिंसा. याला लोक 'डीव्हीची' (डोमेस्टिक व्हायोलन्सची) केस म्हणतात आणि घाबरतात, कारण त्यांना वाटतं पोलीस नवऱ्याला उचलून नेतील. तसं नसतं. हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. त्यासाठी एफआयआर लागत नाही, घटस्फोट मागावा लागत नाही आणि घर सोडावं लागत नाही. कोर्ट त्यांना त्रास न देण्याचा आदेश देऊ शकतं, दागिने परत करायला लावू शकतं, दर महिन्याचा खर्च ठरवू शकतं. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तारखा कशा पडतात ते सिव्हिल लाईन्सच्या कोर्टात एक दिवस बसलात तरी कळेल, म्हणून वकिलाला अंतरिम आदेशाचा अर्ज सोबतच लावायला सांगा. वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा किंवा १५१०० वर फोन.

पण ताई, हे सगळं उद्या सकाळी करू नका. मीटर लिहिणारा माणूस मीटर हातातून जातंय असं दिसलं की जास्त धोकादायक होतो. जगभरचा अनुभव आहे की बाई निघायला लागते तो काळ सगळ्यात जोखमीचा. म्हणून आधी कागद. आधार, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, दागिन्यांच्या पावत्या, पावत्या नसतील तर अंगावर दागिने असलेले लग्नातले फोटो. झेरॉक्स शाळेतल्या भरवशाच्या बाईंकडे ठेवा, माहेरी नको. आई आज तरी तुमच्या बाजूची नाही. तुमचा फोन ते बघत असतील, तर चौकशीचे फोन स्टाफरूममधून दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. वेगळ्या बँकेत खातं उघडा, त्याला त्यांना माहीत नसलेला नंबर जोडा, आणि पगार तिकडे वळवायचा दिवस संरक्षण अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा. हे अधिकारी महिला व बालविकास खात्याचे. तुमची हकीकत ते ठरलेल्या नमुन्यात लिहून घेतात आणि तो अहवाल कोर्टात जातो. मीटरचे फोटो त्यांच्याच फोनमध्ये आहेत, तारखेसकट. ते पुसू नका.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. पप्पा दारू प्यायल्यावर आईला मारतात, नाही प्यायले तर चांगले असतात. आधी मी कानात इअरफोन घालून बसायचो. दिवाळीनंतर एकदा मी त्यांचा हात धरला. तर आईनेच मला थापड मारली आणि म्हणाली, बापावर हात उचलतो? मागच्या आठवड्यात बहिणीने (ती सातवीत आहे) माझी फिजिक्सची वही भिजवली. मी डबा भिंतीवर फेकला. ती भिंतीला चिकटून डोकं झाकून बसली, अगदी आईसारखी. मला वाटते मी पण तसाच होणार. *(कामठी रोड)*

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यातले दोन गैरसमज आधी काढते.

पहिला दारूचा. कॅज्युअल्टीत मी बायकांना एक प्रश्न हमखास विचारायचे, काय काय फुटलं? तिच्या बांगड्या, तिचा मोबाईल, तिने मांडलेली भांडी, तिच्या माहेरहून आलेलं घड्याळ. स्वतःचा मोबाईल फोडणारा नवरा क्वचितच सापडला. ज्याची शुद्ध हरपली त्याला कुठली वस्तू कोणाची हे कसं कळतं? वर्धा जिल्ह्यात कितीतरी वर्षांपासून दारूबंदी आहे, तरी तिकडच्या सुना आमच्या पॅसेजमध्ये यायच्याच. दारूने मार जास्त लागतो, जखम खोल जाते, हे खरं. पण बायकोला मारता येतं ही समजूत बाटलीत नसते, ती आधीपासून असते. म्हणून "पप्पांची दारू सुटली की सगळं ठीक होईल" यावर तुझं बारावीचं वर्ष लावू नको.

दुसरा आईच्या थापडेचा. तुला वाटलं असेल, हिला मार खायचाच आहे. उलटं आहे. तू त्यांचा हात धरलास, त्याचा हिशेब ते रात्री तुझ्या आईकडून घेणार हे तिला माहीत होतं, आणि तुझ्याकडूनही घेतील ही भीती होतीच. तिने त्यांच्यासमोर तुला मारलं म्हणजे त्यांना मारायचं कारण उरलं नाही. चुकीचं आहे, पण तिच्याकडे त्या क्षणी तेवढंच होतं.

आता तुझा खरा प्रश्न. अशा घरात वाढलेल्या लेकरांचं शरीर पहाऱ्यावर असतं. झोप लागत नाही, पोट दुखतं, मार्क उतरतात, लहानं पुन्हा गादी ओली करतात. शाळेला वाटतं पोट्टं टवाळ झालं. एकाच घरातली भावंडंही वेगवेगळी होतात. एक पहारेकरी होतो, एक जोकर होऊन सगळ्यांना हसवत राहतो, एखादं बापाच्या बाजूने जातं कारण ती बाजू सुरक्षित असते. अमेरिकेत १९९५ ते १९९७मध्ये सतरा हजारांहून जास्त प्रौढ माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं. घरात आईला मार बसायचा का, हाही त्यात एक प्रश्न होता. लहानपणी असे आघात जितके जास्त, तितकी मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांची शक्यता जास्त, असं त्यातून दिसलं. शक्यता जास्त म्हणजे ठरलेलं भविष्य नव्हे. मार पाहत वाढलेले बहुतेक मुलगे पुढे मारणारे होत नाहीत.

तुझ्यात आणि त्यांच्यात एक फरक तुझ्याच पत्रात आहे. बहीण डोकं झाकून बसली ते तुला दिसलं. ज्याला दिसतं त्याच्याकडे काम करायला जागा असते. तिला सॉरी म्हण, पण नीट. "तू वही भिजवली म्हणून" हा भाग त्यात नको. "मी डबा फेकला, तू घाबरलीस, ते माझं चुकलं" एवढंच. डोकं तापलं की खोलीबाहेर जा, चौकापर्यंत चालून ये. त्याला पळून जाणं म्हणत नाहीत.

मारामारी सुरू झाली की मधात उभा राहू नको. अशा वेळी मध्ये आलेल्या पोरांचे टाके मी पाहिले आहेत. तुझं काम बहिणीला बाहेर काढणं आणि ११२ लावणं. कोणत्या शेजाऱ्यांकडे जायचं ते आजच ठरवून ठेव, बहिणीलाही सांग. तू अठराच्या आत असशील तर १०९८ वरही बोलू शकतोस. हा फोन मुलांसाठीच आहे, रात्रीही लागतो. मन फार भरून आलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि कॉलेजमधल्या एका सरांना किंवा मॅडमना सांग. सगळं नको, "घरी मारहाण होते, त्यामुळे अभ्यास होत नाही" एवढं पुरे. आईने कोणाला सांगू नको म्हटलं असेल, ते मला कळतं. तिचं लपवणं तिच्या लाजेतून आलंय, आणि ती लाज तुझी नाही.

आईला वाचवणं ही तुझी जबाबदारी नाही हेही लिहून ठेवते. तिला १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर दे आणि एवढंच म्हण की तू जे ठरवशील त्यात मी आहे.

प्रश्न : बाई, मी महालात राहते. घर माह्या नावावर आहे, आमच्या यायनं ठेवलेलं. पोरगा सुनेले मारते. मी मधात गेली तर मलेही ढकलते. पोरगा मनाचा वाईट नाही, धंद्यात खोट आली तवापासून बिघडला. परवा त्यानं तिचा गळा धरला, पण लगेच सोडला. आता सून म्हणते केस करतो. लोकं म्हणतात सासूचं नाव पहिले येते. माहं वय बासष्ट. मी काय करू? *(महाल)*

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात गंभीर ओळ तुम्ही "पण लगेच सोडला" म्हणून पुढे गेलात त्याच्या आधीची आहे. गळा. या कामातल्या डॉक्टर-पोलिसांना ज्या खुणेची सगळ्यात भीती वाटते ती हीच. ज्याने एकदा गळा धरला त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. बाहेरून खूण दिसत नसली तरी आतून सूज येते, कधी काही तासांनी येते. आवाज बसला, गिळताना दुखलं, चक्कर आली, डोळ्यांत लाल ठिपके दिसले, तर वाट पाहायची नाही. सुनेला आजच मेयो किंवा मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा, आणि तुम्ही स्वतः सोबत जा. डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगायचं, आणि केस पेपरवर "नवऱ्याने गळा दाबला" असं लिहिलंय का ते वाचून बघायचं. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद, करायला सांगायचं. तो कागद पुढे दहा साक्षीदारांच्या तोलाचा असतो.

आता तुमच्या नावाचं. खोटा धीर देत नाही. २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाईच्या विरोधातही अर्ज होऊ शकतो, सासूच्याही. पण कायदा तुम्हालाही बाई मानतो. पोरगा तुम्हाला ढकलतो ना? मग तुम्ही स्वतः त्याच्याविरुद्ध हाच अर्ज करू शकता. आई-मुलाचं नातंही त्यात बसतं. सुनेचा आणि तुमचा अर्ज एकाच दिवशी गेला तर लोकांनी काय म्हणायचं ते लोकांनी ठरवावं. कोर्ट मुलाला घरातून बाहेर राहायचा आदेश देऊ शकतं. बाईला तसा आदेश या कायद्याखाली देता येत नाही. शिवाय तुम्ही साठीच्या वर आहात, तेव्हा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा २००७चा कायदा तुमच्या मदतीला आहे. तिथे अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातो.

कोणी सल्ला देईल की घर तुमचं आहे, दोघांनाही काढा, झंझट मिटेल. तसं करू नका. १५ ऑक्टोबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ज्या घरात सून नवऱ्याबरोबर राहत आली ते सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क तेवढ्याने जात नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रात्री तुमच्या घरात तुमच्याशी बोलणारी ती एकटीच आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

धंद्यात खोट आली की माणूस गप्प होतो, चिडतो, रडतोही. इतवारीत किती जणांना खोट आली असेल, ते सगळे बायकोचा गळा धरत नाहीत. पोरगा मनाचा वाईट नाही हे तुम्ही म्हणा, आईने म्हणावंच. पण त्याच्यासमोर म्हणू नका.

प्रश्न : वरच्या मजल्यावर रोज आरडाओरडा होतो. मागच्या उन्हाळ्यात कळत नव्हतं, आता थंडीत सगळं ऐकू येतं. मध्ये पडलो तर "आमच्या घरचं आहे" म्हणतात. काय करावं? *(त्रिमूर्तीनगर)*

उत्तर : उन्हाळ्यात इथे घरोघरी कूलर घरघरत असतात, त्या आवाजात कोणाचं काय चाललंय पत्ता लागत नाही. आता ऐकू येतंय ना, मग बेल वाजवा. भांडण सोडवायला नाही. पार्किंगची किल्ली मागा, पाण्याच्या टँकरचं विचारा, काहीही. दारात बाहेरचा माणूस उभा राहिला की हात थांबतो. तेवढी दोन मिनिटं आत कोणाला तरी हवी असतात. एकटे जाऊ नका, आणि किंकाळ्या किंवा आपटल्याचा आवाज असेल तर बेल नाही, सरळ ११२. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात चौथ्या कलमात लिहिलंय की कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालताना भेटली तर "तू सोडत काहून नाहीस" असं विचारू नका. "कधीही दार वाजव" म्हणा, आणि बायकांना मदत करणाऱ्या नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलचं, सखी वन स्टॉप सेंटरचं नाव कानावर घाला. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के, आणि ७७ टक्के जणी कधीच कोणाशी बोलल्या नव्हत्या. पहिलं वाक्य तिच्याकडून येईल याची वाट पाहत बसाल, तर हिवाळा संपून पुन्हा कूलर लागतील.

प्रश्न : तुम्ही फक्त बायकांचं लिहिता. माझ्या बायकोने लाटणं फेकून मारलं, भुवईवर चार टाके पडले. पुरुषासाठी कायदा का नाही? काही बोललं की ४९८ लावते म्हणते. *(बुटीबोरी)*

उत्तर : भाऊ, टाके खरे आहेत, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पुरुषही मार खातात, आणि हसण्याच्या भीतीने तेही मोरीत घसरतात. २००५चा कायदा तुम्हाला वापरता येणार नाही हे खरं. पण दुखापतीचा साधा गुन्हा बाई-पुरुष पाहत नाही, तेव्हा केस पेपर जपून ठेवा. हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट नवऱ्यालाही मागता येतो. बायकोच्या छळाचं कलम ४९८अ आता १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, आणि गरज तपासल्याशिवाय पोलिसांनी अटक करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच सांगितलंय. त्या धमकीने झोप घालवू नका.

एक मात्र आहे. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला, मी वर छापलं नाही ते, लिहिलंय की चार दिवस तिचा मोबाईल तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि ती मागायला आली तेव्हा लाटणं सुटलं. लाटण्याचं समर्थन मी करत नाही. पण तो मोबाईल अजून कपाटात असेल तर आज काढून द्या, आणि त्यानंतर घरात काय होतं ते मला कळवा. तेही छापीन.